राजर्षी शाहू छत्रपती

मनुष्य उपजीविकेसाठी काम करतो. परंतु कामामुळे त्याचे पोट भरते एवढेच नव्हे. ज्याला आपल्या गुणांप्रमाणे काम मिळते, त्याला समाजात मान मिळतो, त्याच्या घरात स्थैर्य येते आणि त्याच्या मुलांची पुढील वाट मोकळी होते. ज्याला केवळ जन्मामुळे कामाच्या दारातून परत फिरावे लागते, त्याला या सर्वच गोष्टींना मुकावे लागते. हे दार बंद का होते आणि ते उघडावे कसे, या प्रश्नाचा विचार सिंहासनावर बसून करणारे आणि विचाराप्रमाणे कृती करणारे राजे इतिहासात थोडे. कोल्हापूरचे शाहू छत्रपती हे त्यांपैकी एक होत.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कोल्हापूरजवळ कसबा बावडा येथील लक्ष्मीविलास राजवाड्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. कागलचे जहागीरदार जयसिंगराव घाटगे हे त्यांचे वडील व मुधोळच्या घोरपडे घराण्यातील राधाबाई या त्यांच्या मातोश्री. यशवंतराव लहान असतानाच त्यांचे मातृछत्र हरपले. पुढे कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचे अकाली निधन झाले आणि गादीला वारस उरला नाही. तेव्हा राणी आनंदीबाईसाहेबांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू असे ठेवले. त्या वेळी ते अवघे नऊ वर्षांचे होते.

बाळराजांचे शिक्षण प्रथम राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात व नंतर धारवाड येथे झाले. धारवाडला फ्रेझर नावाच्या इंग्रज शिक्षकांनी त्यांना भाषा, इतिहास आणि राज्यकारभार हे विषय शिकवले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. अंगाने धिप्पाड, कुस्तीचे व शिकारीचे शौकीन आणि वागण्यात अत्यंत साधे असे हे तरुण राजे खेड्यापाड्यांतून फिरू लागले. शेतकऱ्याच्या झोपडीपुढे बसून त्याच्या सुखदुःखांची चौकशी करण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

राज्यात फिरताना एक विलक्षण विसंगती त्यांच्या ध्यानात आली. शेतात राबणारे, कर भरणारे आणि लष्करात लढणारे लोक अनेक जातींचे व धर्मांचे होते. कचेरीत मात्र वेगळेच चित्र दिसे. १८९४ साली राज्याच्या सर्वसाधारण कारभारातील ७१ अधिकारपदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. लोकसंख्येत ब्राह्मणांचे प्रमाण अगदी अल्प होते. मराठा, कुणबी, धनगर, लिंगायत, जैन, मुसलमान आणि अस्पृश्य मानलेल्या जाती यांची संख्या फार मोठी असूनही कारभारात त्यांचा वाटा नाममात्र होता.

असे का व्हावे? एखाद्या दुष्ट अधिकाऱ्याने ठरवून केलेला हा अन्याय असता, तर त्या अधिकाऱ्याला दूर करताच तो संपला असता. परंतु त्याची कारणे खोल होती व ती परस्परांत गुंतलेली होती. लेखन-वाचन हे पिढ्यान्‌पिढ्या काही थोड्या घरांपुरतेच राहिले होते. त्या घरांतील मुलाच्या कानांवर लहानपणापासून हिशेब, कागदपत्रे आणि दप्तराची भाषा पडत असे. शेतकऱ्याचा मुलगा त्याच वयात गुरांमागे जाई आणि कारागिराचा मुलगा बापाच्या हाताखाली हत्यारे धरू लागे. पुढे इंग्रजी अमलात नोकरीसाठी शालेय शिक्षण व परीक्षा यांना महत्त्व आले. तेव्हा ज्यांच्या घरी आधीच अक्षरओळख होती, तेच या नव्या वाटेवरही पुढे गेले.

दुसरे कारण कचेरीच्या रीतीत होते. त्या काळी पुष्कळ तरुण प्रथम बिनपगारी उमेदवार म्हणून कचेरीत बसत व मोडी लिहिणे, नकला करणे, टिपणे काढणे ही कामे शिकत. उमेदवार म्हणून बसवला जाई तो बहुधा कोणातरी कारकुनाचा पुतण्या किंवा भाचा. जागा रिकामी झाली की तिची वार्ता आधी कचेरीतच कळे आणि कामाला तयार असलेला तो तरुण समोरच बसलेला असे. अधिकारी त्याची निवड करी व आपण योग्य माणूस निवडला असे त्याला मनापासून वाटे. बाहेरच्या मुलाला ती जागा निघाल्याचे कळतही नसे. अशा रीतीने, कोणी कोणाला उघड नकार न देताही हजारो लोक नोकरीबाहेर राहत.

तिसरे कारण लोकांच्या मनात होते. अमक्या जातीने अमकेच काम करावे, हा समज इतका रुजला होता की, वरच्या पदावर बसलेल्याला तो खरा वाटे आणि खाली राहिलेल्यालाही तो खराच वाटे. आपला मुलगा मामलेदार होईल, हा विचार शेतकऱ्याच्या स्वप्नातही येत नसे. अस्पृश्य मानलेल्या लोकांची स्थिती तर याहून कठीण होती. त्यांना शाळेत इतरांबरोबर बसता येत नसे, सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरता येत नसे आणि कचेरीच्या पायऱ्या चढतानाही विटाळाची भीती घातली जाई.

ही परिस्थिती पालटावी असे महाराजांनी मनाशी ठरवले आणि प्रथम हाताशी असलेला उपाय योजला. इतर जातींतील जे थोडे तरुण उच्च शिक्षण घेऊन बाहेर पडले होते, त्यांचा त्यांनी शोध घेतला. भास्करराव जाधव हे त्यांपैकी एक बुद्धिमान पदवीधर. १८९५ साली महाराजांनी त्यांना आपल्या सेवेत अधिकारपद दिले आणि भास्कररावांनी ते उत्तम रीतीने सांभाळले. मुलींच्या शिक्षणावरील देखरेखीचे काम महाराजांनी रखमाबाई केळवकर या विदुषीकडे सोपवले. अधिकाराचे काम स्त्रियांनी करावे ही कल्पनाच त्या काळी पुष्कळांना मान्य नव्हती.

परंतु असे पदवीधर बोटांवर मोजण्याइतकेच होते. नवे पदवीधर तयार व्हावयाचे, तर खेड्यांतील मुलांनी कोल्हापुरात येऊन शिकले पाहिजे आणि शिकावयाचे, तर राहण्याजेवण्याची सोय पाहिजे. म्हणून १८९६ साली महाराजांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह सुरू केले. दार सर्वांना मोकळे होते, तरी काही काळाने तेथे ब्राह्मण विद्यार्थीच काय ते उरले. इतर मुलांना ना घरून पाठबळ होते, ना त्या वातावरणात आपलेपणा वाटत होता. दार उघडे ठेवले म्हणजे सर्वांना आत येता येतेच असे नाही, हा धडा या प्रयत्नाने महाराजांना दिला. ज्याच्या वाटेत काटे आहेत, त्याच्यासाठी दाराबरोबर वाटही तयार करावी लागते.

याच सुमारास महाराजांना स्वतःलाही जन्मावरून ठरणाऱ्या उच्चनीचतेचा अनुभव आला. १८९९ साली ते पंचगंगेवर स्नानास गेले असताना त्यांच्याबरोबर मुंबईचे विद्वान राजारामशास्त्री भागवत होते. राजपुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत आहे, ही गोष्ट शास्त्रीबोवांनी महाराजांच्या नजरेस आणून दिली. महाराज क्षत्रिय नाहीत, म्हणून वेदमंत्रांवर त्यांचा अधिकार नाही, अशी पुरोहिताची भूमिका होती. यातून जे प्रकरण उद्भवले, ते वेदोक्त प्रकरण म्हणून प्रसिद्ध आहे. ज्याच्या पदरी राज्य आहे, त्याचीही योग्यता जर जन्मावरून मोजली जाते, तर दीनदुबळ्या प्रजेची काय कथा, हे महाराजांना या प्रसंगाने कळून चुकले. तथापि महाराजांचा रोष जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या रूढीवर होता. त्यांच्या बाजूने उभे राहणारे राजारामशास्त्री स्वतः ब्राह्मणच होते, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९०१ साली महाराजांनी वसतिगृहाचा प्रयोग नव्या पद्धतीने आरंभला. त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान इत्यादी समाजांसाठीही वसतिगृहे निघाली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. महाराजांनी या संस्थांना जागा, इमारती व देणग्या दिल्या आणि त्या त्या समाजातील कर्त्या पुरुषांना त्यांच्या कारभारात सहभागी करून घेतले. प्रत्येक समाजाला आपली मुले शिकवण्याची जबाबदारी आपली वाटावी, हा त्यांचा हेतू होता. थोड्याच वर्षांत कोल्हापूर हे वसतिगृहांचे माहेरघर म्हणून ओळखले जाऊ लागले. खेड्यातला मुलगा डोक्यावर वळकटी घेऊन शहरात यावा, वसतिगृहात राहावा, परीक्षा द्यावी आणि कचेरीच्या दाराशी आत्मविश्वासाने उभा राहावा, अशी ती व्यवस्था होती.

परंतु दाराशी आलेल्याला कचेरीने आत घेतले नाही तर? या प्रश्नाचे उत्तर महाराजांनी १९०२ साली दिले. त्या वर्षी ते सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले होते. ते तिकडे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर राज्याच्या गॅझेटमध्ये त्यांचा एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्या दिवसापासून राज्याच्या नोकरीत ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, अशी त्यात आज्ञा होती. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढील नेमणूक त्यांच्यामधूनच करावयाची होती. शिवाय प्रत्येक खातेप्रमुखाने आपल्या खात्यातील नेमणुकांचे विवरण दर तीन महिन्यांनी सादर करावे असेही त्यात सांगितले होते.

या अखेरच्या कलमात महाराजांची दूरदृष्टी दिसून येते. चांगल्या आज्ञा पुष्कळदा कागदावरच राहतात. कारण त्या पाळल्या की नाही हे कोणी पाहत नाही. ज्या रीतीने जागा भरण्याची सवय कचेरीला जडली आहे, त्याच रीतीने ती पुन्हा भरू लागते आणि विचारणा झालीच, तर योग्य उमेदवार आला नाही एवढे सांगून मोकळी होते. दर तीन महिन्यांनी आकडे मांडावे लागले म्हणजे ही सबब फार काळ टिकत नाही. अन्याय सवयीत लपलेला असतो आणि आकड्यांत तो उघडा पडतो, हे महाराजांनी ओळखले होते.

या जाहीरनाम्यावर मोठे वादळ उठले. काही वृत्तपत्रांनी महाराजांवर कठोर टीका केली. नोकरी लायकीवर द्यावी, जातीवर देऊ नये, असा आक्षेप घेण्यात आला. वरवर पाहता हा आक्षेप रास्त वाटतो. परंतु आजवर नोकऱ्या खरोखरच केवळ लायकीवर दिल्या जात होत्या काय? लायकी मिळवण्याची साधने ज्यांना शेकडो वर्षे नाकारली, त्यांना आता लायकी नाही म्हणून परत पाठवणे हा न्याय कसा ठरतो? एका धावणाऱ्याचे पाय बांधून ठेवावेत आणि शर्यतीच्या शेवटी तो मागे राहिला म्हणून त्याला दोष द्यावा, तसाच हा प्रकार होता. महाराजांनी टीका सहन केली. आज्ञा मात्र मागे घेतली नाही.

ही आज्ञा पुरेशी फलद्रूप व्हावयाची, तर शिक्षणाचा पाया अधिक रुंद होणे आवश्यक होते. म्हणून १९१७ साली महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवण्यात आला. गावोगाव शाळा निघू लागल्या. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना इतरांबरोबर एकाच शाळेत बसवावे असे त्यांनी फर्मावले. एका बाकावर बसून शिकलेली मुले उद्या एका कचेरीत बसून काम करू शकतील. जी लहानपणी वेगळी बसली, ती मोठेपणीही एकमेकांना परकीच राहतील, ही गोष्ट या आज्ञेच्या मुळाशी होती.

शहरातील कचेऱ्यांप्रमाणेच खेड्यांतही काम जन्माला बांधलेले होते. गावाचे दप्तर कुलकर्ण्याकडे असे आणि ते पद वंशपरंपरेने एकाच घराण्यात चाले. कुलकर्ण्याचा मुलगा कुलकर्णी होई, मग त्याची पात्रता कशीही असो. शेतसाऱ्याचा सर्व हिशेब त्याच्या हाती असल्याने निरक्षर शेतकरी त्याच्या शब्दावर अवलंबून राही. याच गावाच्या दुसऱ्या टोकाला महार वतनदार असे. थोड्याशा जमिनीच्या मोबदल्यात त्याच्या सर्व कुटुंबाला गावाची व सरकारची कामे रात्रंदिवस करावी लागत. निरोप पोहोचवणे, ओझी वाहणे, लाकडे फोडणे या कामांना ना वेळेची मर्यादा होती, ना योग्य मजुरीची हमी. एकाला न मागता अधिकार मिळत होता आणि दुसऱ्याला नको असताना ओझे वाहावे लागत होते. दोहोंचे कारण एकच, जन्म.

१९१८ या एकाच वर्षी महाराजांनी ही दोन्ही वतने रद्द केली. वंशपरंपरागत कुलकर्ण्यांच्या जागी त्यांनी पगारी तलाठी नेमण्याची पद्धत सुरू केली आणि तलाठ्याचे काम शिकवून अस्पृश्य मानलेल्या तरुणांनाही त्या जागांवर घेतले. महारांच्या वतनी जमिनी रयताव्याने त्यांच्या नावे करून देण्यात आल्या. आता त्या जमिनीबद्दल त्यांनी इतर शेतकऱ्यांप्रमाणे सारा द्यावयाचा होता. चाकरीचे बंधन राहिले नव्हते. पुढे १९२० साली वेठबिगारीची पद्धतही त्यांनी कायद्याने बंद केली. काम नाकारणे हा जसा भेदभाव आहे, तसाच एखाद्याच्या गळ्यात जन्मभर एकच काम बांधणे हाही भेदभाव आहे, हे या कायद्यांनी स्पष्ट केले. ज्या गावात काल ज्याचा स्पर्श चालत नव्हता, त्याच गावात आज तोच तरुण दप्तर घेऊन शेतसाऱ्याचा हिशेब करू लागला, हा बदल लहान नव्हता.

काही जमातींच्या कपाळी तर गुन्हेगार असा शिक्काच मारलेला होता. फासेपारधी व तशाच इतर लोकांना रोज पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावी लागे. एखाद्याने चोरी केली असो वा नसो, त्या जमातीत तो जन्मला एवढ्यावरून त्याच्यावर संशय घेतला जाई. संशयामुळे त्याला कोणी काम देत नसे, काम नसल्यामुळे तो उपाशी राही आणि भुकेने त्याच्या हातून चूक घडली, की संशय खरा ठरला असे लोक म्हणत. महाराजांनी १९१८ साली ही हजेरी बंद केली आणि या जमातींतील माणसांना आपल्या सेवेत पहारेकरी म्हणून नेमले. ज्यांना लोक चोर म्हणत, त्यांच्याच हाती राखणीचे काम आले. विश्वास टाकला तर माणूस विश्वासास पात्र होतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

नोकरी मिळाली म्हणजे भेदभाव संपला असे मात्र नाही. कामाच्या ठिकाणी बरोबरीचे लोक कसे वागतात, यावरही माणसाचे सुखदुःख अवलंबून असते. महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे सेवक होते. ते अस्पृश्य मानलेल्या जातीचे होते. एकदा महाराज परगावी गेले असताना, सवर्ण सेवकांसाठी असलेल्या पाण्याला गंगाराम यांनी स्पर्श केला, एवढ्या कारणावरून त्या सेवकांनी त्यांना अमानुष मारहाण केली. मारणारे लोक महाराजांच्याच जातीचे होते. महाराज परत आल्यावर त्यांना हे कळले. आपल्याच आश्रयाखाली असा प्रकार घडावा, याचे त्यांना अतिशय दुःख झाले. त्यांनी अपराध्यांना कडक शिक्षा केली. जातीने आपले म्हणून त्यांना क्षमा केली नाही.

नंतर महाराजांनी गंगाराम यांना स्वतंत्र धंदा करता यावा म्हणून द्रव्यसाहाय्य केले. गंगाराम यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढले व त्याला सत्यसुधारक असे नाव दिले. दुकान नीटनेटके होते, चहाही उत्तम होता. परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास गिऱ्हाईक येईना. ही वार्ता महाराजांच्या कानी गेली. एके दिवशी त्यांची गाडी त्या दुकानासमोर थांबली. महाराजांनी चहा मागवला, सर्वांदेखत तो प्राशन केला आणि बरोबरच्या मंडळींनाही दिला. पुढेही ते तेथे चहा घेत. जेथे राजाला चहा घेण्यात संकोच नाही, तेथे इतरांच्या संकोचाला अर्थ उरत नाही. कायद्याने कचेरीचे दार उघडता येते; परंतु मनाचे दार उघडावयाचे, तर थोरांनी स्वतःच्या वागण्याने उदाहरण घालून द्यावे लागते.

राजाची सदिच्छा आणि कचेरीतील वागणूक यांत केवढे अंतर पडू शकते, याचा अनुभव त्याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आला होता. बडोद्याच्या महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. महाराज सयाजीराव उदार व सुधारणावादी होते. परंतु कचेरीतील शिपाई आंबेडकरांच्या मेजावर कागद दुरून फेकत, त्यांना प्यावयास पाणी मिळत नसे आणि शहरात राहावयास जागाही मिळेना. अखेर ती नोकरी सोडून त्यांना परत यावे लागले. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. विद्वत्ता मोठी, पदवी मोठी, तरी रूढीच्या डोळ्यांना फक्त जातच दिसत होती.

शाहू महाराजांनी या तरुण विद्वानाची योग्यता ओळखली. आंबेडकरांनी जानेवारी १९२० मध्ये मूकनायक हे पत्र सुरू केले, तेव्हा महाराजांनी त्यास आर्थिक साहाय्य दिले. त्याच वर्षी मार्च महिन्यात कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. महाराज परिषदेस जातीने उपस्थित राहिले आणि दलितांना त्यांचा खरा पुढारी लाभला आहे, याबद्दल त्यांनी आनंद व्यक्त केला. त्या काळी एका राजाने अस्पृश्यांच्या परिषदेत येऊन बसावे, ही गोष्टच अपूर्व होती. अस्पृश्य मानलेल्या समाजातील काही तरुणांना महाराजांनी आपल्या संस्थानात वकिलीच्या सनदाही दिल्या. ज्यांना न्याय मागण्यासाठी न्यायालयाबाहेर उभे राहावे लागे, त्यांच्यातीलच माणसे आता न्यायालयात उभी राहून दुसऱ्यांसाठी न्याय मागू लागली.

महाराजांचे कार्य केवळ नोकऱ्यांपुरते मर्यादित नव्हते. शेतीला पाणी मिळावे म्हणून त्यांनी राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले, व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, सूत व कापडाची गिरणी काढली आणि मल्ल, गायक व चित्रकार यांना आश्रय दिला. १९१९ साली कानपूर येथे भरलेल्या कुर्मी क्षत्रिय परिषदेने त्यांना राजर्षी ही पदवी दिली. पुढे लोकांनी त्यांना याच नावाने ओळखले. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी जे कार्य केले, ते करण्यास दुसऱ्या कोणाला कित्येक पिढ्या लागल्या असत्या.

महाराजांच्या निधनानंतर २८ वर्षांनी, २६ जानेवारी १९५० रोजी, भारताचे संविधान अमलात आले. सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी राहील, धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही आणि मागासलेल्या वर्गांसाठी जागा राखून ठेवता येतील, असे त्यात नमूद झाले. अस्पृश्यताही नष्ट करण्यात आली. या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोल्हापूरच्या एका लहान संस्थानात जे बीज पेरले गेले होते, त्याच जातीचा वृक्ष आता सर्व देशाच्या अंगणात उभा राहिला. महाराष्ट्रात महाराजांचा जन्मदिवस, २६ जून, हा सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो.

तरीही कायदा झाला म्हणजे सर्व कार्य झाले असे समजणे चुकीचे ठरेल. ओळखीच्या माणसाला पुढे करण्याची सवय, नाव किंवा आडनाव ऐकून माणसाची किंमत करण्याची खोड, हे काम पुरुषाचे व ते स्त्रीचे अशी मनातील वाटणी, या गोष्टी कोणत्याही काळात आणि कोणत्याही कचेरीत शिरू शकतात. त्या शिरतात तेव्हा गाजावाजा करीत नाहीत. अगदी स्वाभाविक वाटाव्यात अशा वेषात येतात. म्हणूनच त्या ओळखण्यासाठी जागरूक मनाची आवश्यकता असते. रिकाम्या जागेवर कोणाला घेतले एवढेच न पाहता, तिच्यापर्यंत कोण पोहोचूच शकले नाही आणि का, याचाही शोध घेणे, ही दृष्टी राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या आचरणाने दिली. ज्यांच्या हाती अधिकार येईल, त्यांनी तो कसा वापरावा, याचा वस्तुपाठ त्यांच्या चरित्रात आहे.